उजव्या हाताचा ठराव

आंबोशी, खालची आळी
ता. कर्जत, जि. कुलाबा
४ डिसेंबर १९६८

इंदूस,

तू गेलीस त्याला आज तीन दिवस झाले. कुठं गेलीस ते शोधावं लागलं नाही. आपल्या ओट्यावर उभं राहिलं की वरच्या आळीत येसाजीच्या परसात वाळत घातलेलं तुझं हिरवं लुगडं दिसतं. तुझा सख्खा भाऊ, त्यात गावचा सरपंच, त्याच्याकडे तू राहिलीस तर मी कोण बोलणार? पण त्यानं जाहीर केलंय की सहदेव माझी पायरी चढला तर तंगडं मोडीन. आणि काल विहिरीवर मला पाहून तू अर्धी भरलेली घागर तशीच उचललीस. म्हणून दोनशे पावलांसाठी टपाल वापरतो आहे. हे कार्ड कशेळ्याला जाईल, तिथं त्यावर शिक्का बसेल आणि परवा पोपट पोस्टमन ते तुला आणून देईल.

सभेत काय झालं, असं तू त्या संध्याकाळी विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा लिहितो. मला झोप लागली होती. झोपेत हात वर गेला, हातात अडकित्ता होता, तो सुटला आणि तुझ्या भावाच्या कपाळावर बसला. यात राजकारण नाही.

म्हैस मला दूध देत नाही. शेजारचा हिरू म्हणतो, बायकोचं लुगडं नेसून बस. पण लुगडी तू नेलीस. कार्ड संपलं.

सहदेव

९ डिसेंबर १९६८

इंदूस,

या खेपेला आंतरदेशीय घेतलंय, चारी बाजूंनी चिकटवून. कार्ड पोपटनं वाटेत वाचलं. मला म्हणाला, "सहदेवदादा, झोपेचं काय पटत नाय गड्या. दुसरं कायतरी लिव्ह." तुलाही पटलं नसावं, कारण उत्तर आलं नाही.

तर झोपेचं राहू दे. खरी गोष्ट अशी की गांधीलमाशी होती.

तुला सभेतलं नीट माहीत नाही. तुझ्या भावानं त्याच्या बाजूनं काय काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून सगळं लिहितो. पंचायतीत आम्ही नऊ जण. कंदील निशाणीवर पाच निवडून आलो, येसाजी आणि त्याच्यामागे मी, हिरू आणि आणखी दोघं. छत्रीवर चार, त्यांचा म्होरक्या आबाजी. गेली तीन वर्षं प्रत्येक ठराव पाचाविरुद्ध चार. हात वर करायची वेळ आली की येसाजी आधी स्वतःचा हात वर करतो आणि मग एकेकाकडे असा बघतो की आमचे हात आपोआप वर जातात. हे आबाजीला कळलेलं. म्हणून त्यानं ठराव आणला की इथून पुढं मतदान हात वर करून घेऊ नये, चिठ्ठी टाकून घ्यावं. दोन तास त्यावर भांडण. येसाजी म्हणाला, चिठ्ठी म्हंजे चोराचं काम. आबाजी म्हणाला, हात म्हंजे बैलाचं काम.

शेवटी मतं घ्यायचं ठरलं. मतांआधी आपल्याकडे पानाची चंची फिरते, ते तर तुला ठाऊक आहे. दोन तास एकमेकांच्या आईबापांचा उद्धार केल्यावर दोन्ही पॅनलं एकाच चंचीतलं पान खातात, ही आंबोशीची जुनी रीत. सुपारी कातरायला अडकित्ता माझ्या हातात आला होता. तेवढ्यात ग्रामसेवकानं पुकारा केला, "ठरावाच्या बाजूचे हात वर."

आता अडकित्ता हातात असताना मी तो हात का वर केला, डावा का नाही केला, हे सगळे विचारतात. अगं, गेल्या साली छत्रीवाल्या नागूनं दोन्ही हात वर केले आणि ग्रामसेवकानं दोन्ही मोजले. तेव्हा तुझ्याच भावानं ठराव करून घेतला की मत उजव्याच हाताचं, डावा हात मोजला जाणार नाही. दप्तरात आहे.

पण मी मत दिलंच नव्हतं. गांधीलमाशी कानाशी आली, ती हाकलायला हात उडाला, अडकित्ता निसटला. येसाजीला आवळ्याएवढं टेंगूळ आलं. तो खाली बसला, कुणीतरी "मारलं, मारलं" ओरडलं आणि मग दोन्ही पॅनलं एकमेकांवर पडली. बाक उलटला, हजेरीच्या वहीवर दौत सांडली, नागूला कुणीतरी चावलं. कुणी ते अजून उघड झालेलं नाही. हिरू त्याच्या जवळ होता, एवढंच मी म्हणेन.

येसाजीनं तालुक्याला अर्ज धाडला, "भर सभेत सरपंचावर राजकीय हेतूने धारदार हत्याराने प्राणघातक हल्ला." आबाजीनं उलटा अर्ज धाडला, "हल्ला नव्हे, सभासद सहदेव यांनी स्वच्छ मत दिले, ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर, सरपंच टेंगळाआड लपून तो दाबत आहेत." तालुक्याहून साहेब आले. त्यांनी अडकित्ता उलटसुलट पाहिला, त्याच अडकित्त्यानं एक सुपारी कातरून तोंडात टाकली आणि म्हणाले की गावानं आपली चौकशी समिती नेमून पंधरा दिवसांत अहवाल धाडावा.

वाल पेरायचा राहिलाय. एकट्यानं होत नाही.

सहदेव

१५ डिसेंबर १९६८

इंदूस,

गांधीलमाशीलाही उत्तर नाही. डिसेंबरात गांधीलमाशी नसते असं पोपट म्हणाला. त्यानं आंतरदेशीय कसं उघडलं हा प्रश्न मी त्याला विचारला नाही, कारण टपाल बंद झालं तर तुझ्याशी बोलायचं कसं?

समितीचं सांगतो. तीन जणांची समिती. कंदिलाचा हिरू, छत्रीचा नागू, आणि अध्यक्ष. अध्यक्ष कोण, यावर दोन बैठका. गुरुजींना विचारलं तर त्यांना त्याच दिवशी ताप आला. शेवटी मोतीबाई सुईण ठरली. तिच्या नावाला कुणालाच हरकत घेता येईना, कारण नऊच्या नऊ सभासद तिच्याच हातानं जन्माला आलेले. आबाजी फक्त म्हणाला की अध्यक्षांना सही येत नाही. मोतीबाई म्हणाली, "तुज्या आयशीला कळा आल्या तवा सही मागितली व्हती का रं?" नेमणूक एकमतानं मंजूर झाली. आंबोशीच्या इतिहासात एकमतानं झालेलं हे पहिलंच काम.

मग गणपूर्ती. तिघांतले किती हजर असले की बैठक चालू धरायची? हिरू म्हणे तीन, नागू म्हणे दोन. ते ठरेना. मग नागूनं पहिला साक्षीदार बोलावला की हिरू उठून बाहेर जायचा आणि दारातून सांगायचा, गणपूर्ती नाय. हिरूनं बोलावला की नागू बाहेर. बाहेर जाऊन दोघं एकाच ओट्यावर बिडी ओढायचे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मोतीबाईनं आतून कडी लावली आणि दाराला पाठ लावून बसली. म्हणाली, "आता कोनाला जायाचं आसंल तं माज्यावरनं जा." तेव्हापासून गणपूर्ती आहे.

आणि आता पुढची गंमत ऐक. येसाजीला तालुक्यात कुणी तरी समजावलं की सभासदानं सभेत मारहाण केली असं सिद्ध झालं तर त्याची जागा जाते. माझी जागा गेली की कंदील चार, छत्री चार, आणि वर पोटनिवडणूक. येसाजीला घाम फुटला. त्याच रात्री हेच आबाजीलाही कळलं. दुसऱ्या दिवशी समितीपुढं येसाजी म्हणाला, हल्ला वगैरे काही नाही, दाजींचा हात चुकून गेला. आणि आबाजी म्हणाला, हा उघड उघड प्राणघातक हल्ला आहे, लोकशाहीवर घाला आहे. ग्रामसेवकानं दोघांचे आधीचे अर्ज मोठ्यानं वाचून दाखवले. येसाजी आपला अर्ज ऐकून म्हणाला, "ह्यो आबाजीचा काय?" आबाजी आपला ऐकून म्हणाला, असला खोटा कागद कुणी लिहिला.

येसाजीचं टेंगूळ उतरलं पण डोक्याची पट्टी रोज मोठी होते आहे. आता फेटाच वाटतो. तुझ्याच हातची असेल तर जरा सैल बांध, तो भिवया वर करू शकत नाही आणि बोलताना घाबरलेला दिसतो.

गांधीलमाशी नव्हती. तेवढं मान्य करतो. माझा तोल गेला असावा.

सहदेव

२१ डिसेंबर १९६८

इंदूस,

काल दुपारी वालाच्या शेतात दोन्ही पॅनलं येऊन गेली. एका पाठोपाठ एक, बांध बदलून.

आधी आबाजी. म्हणाला, "सहदेव, तू मारलास. मर्दावानी मारलास. कबूल कर, पंचक्रोशीत नाव व्हईल. जागा गेली तं पुढल्या टायमाला छत्रीवर उभा करतो तुला." मी म्हटलं, मी मारलं नाही. तर म्हणाला, "आरं मग आता तरी मारल्याचं सांग."

तो गेला आणि हिरू आला. त्याच्या तोंडून येसाजीचा निरोप. "दाजी, झोप लागली हुती म्हनून सांगा. झोपंतला हात मोजत नाय, म्हंजे ठराव पडला. झोपंत मार द्येता येत नाय, म्हंजे तुमची जागा ऱ्हायली. सरपंच म्हनले, येवढं बोलला तं इंदूताई दुसऱ्या दिशी घरी."

इंदू, मी चटकन हो म्हणणार होतो. घरात वीस दिवस माझ्याशिवाय कुणी नाही. आपली मैना लग्न होऊन शेलूला गेली तेव्हा घर रिकामं झालं असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं, रिकामं आता झालंय. सकाळी चूल पेटवतो, मग बसून राहतो. आणि झोप लागली होती हे वाक्य तर मी आधीच तुला, पोपटला आणि सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं. आणखी एकदा म्हणायला काय लागतं?

पण हिरू गेल्यावर बांधावर बसलो आणि मलाच माझी चीड आली. झोप, माशी, तोल. तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही खोटी लिहिली. तर आता खरं लिहितो. हे पत्र येसाजीला दाखवायचं तर दाखव.

मी जागा होतो. मी मत दिलं. चिठ्ठीच्या बाजूनं दिलं.

का ते सांगतो. त्या दिवशी पुढचा ठराव नव्या विहिरीचा होता. येसाजीला ती वरच्या आळीत, त्याच्या वाडीला लागून हवी आहे. वर एक विहीर आहेच. मला ती खाली आपल्या आळीत हवी. वीस वर्षं तू दोन घागरी घेऊन तो चढ चढतेस आणि उतरतेस. हल्ली घागर खाली ठेवताना तुझा गुडघा कट्कन वाजतो. मी पडवीत पडून रोज ऐकतो. पण हात वर करून मत द्यायचं तर येसाजीच्या डोळ्यांदेखत द्यायचं, आणि तेवढी माझी छाती नाही. तिकिटावर त्यानं उभं केलं, मैनाच्या लग्नात त्याचं देणंघेणं, बी संपलं तर त्याच्या कणगीतलं. चिठ्ठी असती तर विहीर खाली आणली असती आणि कुणाला कळलं नसतं. म्हणून चिठ्ठीला हात वर केला. तो एक हात वर करतानाच इतका थरथरत होता की अडकित्ता सुटला.

घरी आलो तेव्हा तू विचारलंस आणि मी झोप म्हणालो. तुझ्या भावाच्या विरुद्ध मत दिलं हे तुला कसं सांगू, हेच कळेना. परवा समितीपुढं माझी साक्ष आहे. काय बोलेन ते अजून मलाच माहीत नाही.

सहदेव

२६ डिसेंबर १९६८

इंदूस,

साक्ष झाली. तुझ्या कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून ऐक.

चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोतीबाई दाराला पाठ लावून बसलेली, तिच्या पुढ्यात फडक्यावर अडकित्ता. आधी आबाजी उठला आणि पंधरा मिनिटं लोकशाहीवर बोलला. तो बसल्यावर मोतीबाईनं मला विचारलं, "सहदेवा, पाडाचा आंबा पाडाया दगड कंच्या हातानं मारतोस?"

मी म्हटलं, डाव्या.

"गोफन?"

डाव्या.

"समद्या गावाला म्हाईत हाय, ह्यो डावरा हाय. मीच ह्याच्या आयशीला सांगितलेलं, पोर डावरं हाय, जेवाया तेवढा उजवा शिकव. येसाजी, ह्याला तुला माराचंच आसतं तं डाव्या हातानं मारला आसता. आन डाव्या हातानं मारला आसता तं तू आज पट्टी बांधून बसला नसतास, तुजा तेरावा झाला आसता. उजवा हात ह्यो दोनच कामाला वर उचलतो, घास घ्याला आन तुज्या ठरावापायी मत द्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मार नव्हता, ते झालं. आता येवढंच सांग. हात झोपंत ग्येला का जागेपनी?"

हिरू माझ्याकडे बघून डोळे मिटून दाखवत होता, म्हणजे झोप म्हण. येसाजी पट्टीखालून बघत होता, तसाच, हात वर करताना बघतो तसा. खिडकीच्या गजांपलीकडे बायका उभ्या होत्या, त्यांत तुझं हिरवं लुगडं दिसलं. तोंड दिसलं नाही. मला वाटलं, एक शब्द बोललो की उद्या तू घरी. खरंच, तोंडात आला होता तो शब्द.

मी म्हटलं, "जागा होतो. मत दिलं. चिठ्ठीच्या बाजूनं. टेंगूळ चुकून आलं, मत चुकून दिलेलं नाही."

आबाजी हल्ला हातचा गेला म्हणून तोंड पाडून बसला होता. मग नागूनं त्याला ढोसलं की ठराव आपलाच आहे, मंजूर झालाय. तेव्हा त्यानं एकट्यानंच उशिरा टाळ्या वाजवल्या. येसाजीनं पट्टी सोडली. तिच्याखाली काही नव्हतं, कपाळ कोरं. पट्टी माझ्या पायाशी टाकून तो निघून गेला. मोतीबाईनं अहवालावर अंगठा उठवला आणि दाराची कडी काढली. खिडकीकडे पाहिलं तर बायका पांगल्या होत्या.

तेव्हा इंदू, आता तू येणार नाहीस हे मी धरून चाललो आहे. त्याच्या घरात राहून तुला दुसरं काही करता येणार नाही, आणि मी तुला दोष देत नाही. सोमवारी चिठ्ठ्यांवर विहिरीचा ठराव आहे. विहीर खाली आलीच तर तिच्यावर पाणी भरायला तू नसशील, या विचारानं मला रडू आलं. ते लिहून टाकतो.

सहदेव

२८ डिसेंबर १९६८

अहो,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. दाराखालून सरकवलंय आणि मी ओट्यावर बसले आहे. वाचून होईपर्यंत दार उघडू नका. तुम्ही मध्येच बोलायला लागलात तर माझं सांगायचं राहून जाईल.

मी दादाच्या टेंगळासाठी घर सोडलं नव्हतं. दादाला एखादं टेंगूळ येणं बरेच दिवस राहून गेलं होतं, वहिनीचंही तेच मत आहे. पट्टी तीच बांधायची आणि रोज मुद्दाम घट्ट करायची.

तुम्ही मत दिलंत हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बायकांना सभेतलं काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं. उजव्या हातानं अडकित्ता उडाला एवढं ऐकलं आणि मी ओळखलं. इतका आनंद झाला की तुमच्यासाठी वालाचं बिरडं केलं. म्हटलं, आज घरी येऊन सांगतील, इंदू, आज मी तुझ्या भावाला नाही म्हणालो. तुम्ही आलात, विचारलं तर म्हणालात, झोप लागली होती. आणि बिरडं खाऊन खरंच झोपलात. वीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्यानं एकदा धीर केला, आणि तोही बायकोपासून लपवला. मग मी कुणासाठी राहायचं त्या घरात? मी रोज वाट पाहिली. झोप आली, माशी आली, तोल गेला. चौथं पत्र आलं तेव्हा मी न्हाणीत जाऊन रडले. तेव्हाच निघणार होते, पण म्हटलं, चारचौघांत काय बोलतात ते पाहू. खिडकीत मीच होते.

आता विहिरीचं. माझा गुडघा चढामुळे वाजत नाही. गेल्या दिवाळीत तुमच्या म्हशीनं लाथ मारली होती. तेव्हा तुम्ही सभेत होतात. आणि वरची विहीर मला लांब नाही. सकाळचा तेवढाच वेळ मी घराबाहेर असते. वहिनी भेटते, सोमी भेटते, चार गोष्टी कळतात, दोन सांगता येतात. विहीर तुम्ही आपल्या दारात आणलीत तर मी दिवसभर तुमचं आणि म्हशीचं तोंड बघत बसू? दादा म्हणतो वर, आबाजी म्हणतो खाली, तुम्ही माझ्या गुडघ्यासाठी दादाला टेंगूळ आणून बसलात. पाणी भरणारीला विचारलं का कुणी? दादा तुम्हाला विचारत नाही याचं तुम्हाला इतकं वाईट वाटतं, मग तुम्ही मला कधी विचारलंत?

वाल उद्या दोघं मिळून पेरू. म्हैस मी आल्याआल्या पिळते, तिनं तुमचा आवाज ऐकून दूध चढवलं असणार.

सोमवारी चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही लिहा, मी पाहणार नाही. पण त्याआधी मला विचारा. विचारून झाल्यावर माझं ऐकायचं की नाही, ते तुमचं मत.

इंदू